काळ्या डोंगरातले गवे



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्यंतरी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग लेकाने नवा लॅपटॉप पाठवला आणि त्यावर मराठी टाइप कसं करायचं हे समजेपर्यंत महिना गेला. असो. आता दिसतंयही नीट आणि उमटतंयही नीट.

आज सांगणार आहे ती गोष्ट २०२४ च्या मे महिन्यातली. तेव्हा मी लेकाकडे अमेरिकेत होते, मिनिआपोलिसला. मे अखेरीस तिथे सोमवारला जोडून सुट्टी येते. त्या सुट्टीत साउथ डकोटा राज्यातलं कस्टर स्टेट पार्क बघायला गेलो होतो. ‘पार्क’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे झोपाळे आणि भेळेची गाडी येते. हे पार्क ७१ हजार एकरांचं आहे! डोंगर, तळी, कुरणं, जंगल आणि त्यातून फिरणारे घाटरस्ते. मालकी राज्य सरकारची. पण प्रवासवर्णनापेक्षा वेगळंही थोडं सांगायचं आहे. एवढ्या उशिरा का लिहितेय तेही शेवटी सांगते.

निघायच्या दोन दिवस आधी घरात भांडण झालं होतं.

विषय आमचं घर. राधानगरी रोडचं घर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलंय. १९८६ साली ह्यांनी आणि मी, दोघांनी प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून बांधलं. मागे दोन आंबे, एक शेवगा. हे २०२० मध्ये गेल्यापासून मी एकटीच राहते. लेकाचं म्हणणं, घर विकून टाकावं आणि कायमचं त्याच्याकडे यावं. ग्रीन कार्डाचे कागद तो करणार. कोल्हापुरात एक पार्टी तयार होती, भावही बरा देत होती. कुलमुखत्यारपत्राचा मसुदा छापून त्याने माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, “आई, वाचून घे, म्हणजे तिकडे पाठवता येईल.”

मी वाचला नाही. “तुझे बाबा असते तर तुझी हिंमत झाली नसती,” असं बोलून गेले. तो काही न बोलता उठून गेला. सून मधल्या मध्ये अडकली. मी खोलीत येऊन दार लावलं. बत्तीस वर्षं मुलांना ‘बोलण्याआधी विचार करावा’ असं शिकवणारी बाई मी. पण घरात कोणाचं शिक्षण कुठे कामाला येतं?

तर अशा अवस्थेत शुक्रवारी पहाटे आम्ही चौघं गाडीत बसलो. मी, लेक, सून आणि दहा वर्षांचा नातू. सुमारे ६०० मैलांचा प्रवास. सुनेने तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या होत्या, मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. डबे भरपूर होते, बोलणं मात्र अजिबात नव्हतं. लेक आरशातून माझ्याकडे बघायचा, मी बाहेर बघायची.

बाहेर बघण्यासारखं होतं मात्र! दिवसभर सपाट जमीन. मिझुरी नदी ओलांडली आणि शेतं कमी होऊन नुसतं गवत सुरू झालं. वाऱ्यावर त्याच्या लाटा उठत होत्या. मला एकदम आमचा सातवीचा वर्ग आठवला. भूगोलात गवताळ प्रदेश असायचे. उत्तर अमेरिकेतले प्रेअरी, दक्षिण अमेरिकेतले पंपास, आशियातले स्टेप. मी फळ्यावर हिरव्या खडूने आडव्या रेघा मारायची आणि सांगायची, “हे जगातलं धान्याचं कोठार.” एकदा एका मुलाने विचारलं, “बाई, गवत आहे तर मग धान्य कुठनं आलं? आणि गवत खाणारी जनावरं कुठं गेली?” मी म्हटलं, “परीक्षेला येत नाही ते विचारू नकोस.” पोरं हसली, तो खाली बसला. प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तर मला येत नव्हतं, एवढंच.

त्याच पाठात मी तिथल्या मूळ रहिवाशांना ‘रेड इंडियन’ म्हणायची. पुस्तकात तसंच होतं. ते आता म्हणू नये हे मला माझ्या नातवाने शिकवलं.

रात्री पार्कमध्ये पोचलो. लाकडी केबिन घेतलं होतं, झऱ्याच्या काठाला. जवळच दगडालाकडाचं जुनं गेम लॉज आहे. १९२७ साली राष्ट्राध्यक्ष कूलिज तिथे सुट्टीवर आले आणि उन्हाळाभर राहिले. सून हळूच म्हणाली, “बघा आई, पाहुणे लांबून आले की लांबच राहतात.” मी हसले. लेक हसला नाही.

शनिवारी नीडल्स हायवे. नीडल्स म्हणजे सुया. ग्रॅनाइटचे उंच सुळके, एकापुढे एक, दाभणं रोवून ठेवल्यासारखे. त्यांच्यामधून १४ मैलांचा रस्ता काढला आहे. साउथ डकोटाचे गव्हर्नर आणि नंतर सिनेटर झालेले पीटर नॉर्बेक या गृहस्थांनी पायी आणि घोड्यावरून फिरून तो रस्ता आखला. १९२२ मध्ये पुरा झाला. सरळ रस्ता सोपा होता, पण यांना तो मुद्दाम वळणावळणाचा हवा होता. का, तर माणसाने गाडी हळू चालवावी आणि बघावं! आपल्याकडे फोंडा घाटात किंवा गगनबावड्याला वळणं येतात ती नाइलाज म्हणून. इथे वळणं हौसेने घातलेली.

त्यात एक बोगदा आहे, ‘नीडल्स आय’. जेमतेम आठ फूट रुंद. आमची गाडी आत शिरली तेव्हा दोन्ही बाजूंचा दगड हाताने चाचपता आला असता. नातवाने श्वास रोखून धरला. लेक आरसे मिटवून अगदी मुंगीच्या पावलांनी गाडी नेत होता आणि मी नकळत म्हणून गेले, “सावकाश रे बाळा.” दोन दिवसांनी त्याच्याशी बोललेलं हे माझं पहिलं वाक्य. तो म्हणाला, “हो आई.” बस्स, तेवढंच.

पुढे सिल्व्हन लेक. तळ्याच्या काठाला मोठमोठे गोल धोंडे आणि पाण्यात त्यांची प्रतिबिंबं. समोरच्या शिखराचं नाव ब्लॅक एल्क पीक, ७२४२ फूट. पूर्वी त्याला एका सेनाधिकाऱ्याचं नाव होतं. २०१६ मध्ये ते बदलून ब्लॅक एल्क या लाकोटा साधुपुरुषाचं नाव दिलं. वाटेत बऱ्याच उतारांवर झाडांचे काळे सांगाडे उभे होते. डिसेंबर २०१७ मध्ये इथे मोठा वणवा लागला होता, पन्नास हजार एकरांहून अधिक प्रदेश जळाला. सांगाड्यांच्या पायाशी मात्र गुडघाभर गवत आणि पिवळी फुलं.

त्या रात्री केबिनमध्ये सून फोनवर या डोंगरांचा इतिहास वाचून दाखवत होती. या डोंगरांना ‘ब्लॅक हिल्स’ म्हणतात. लाकोटा भाषेतही नाव तेच, ‘पाहा सापा’, काळे डोंगर. त्यांची ही पवित्र भूमी. १८६८ च्या तहात अमेरिकन सरकारने ही जमीन त्यांची असं लिहून दिलं. १८७४ मध्ये कस्टर नावाचा सेनाधिकारी फौज घेऊन आला आणि इथल्या फ्रेंच क्रीक या ओढ्याकाठी सोनं सापडलं. झालं! तीन वर्षांत तह मोडून डोंगर काढून घेतले. कस्टर स्वतः १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत मारला गेला, पण पार्कला नाव त्याचंच आहे. पुढे शंभर वर्षांनी, १९८० मध्ये, सुप्रीम कोर्टाने मान्य केलं की जमीन अन्यायाने घेतली, नुकसानभरपाई द्या. ती रक्कम आज व्याजासकट अब्ज डॉलरच्या वर गेली आहे. आणि लाकोटा लोकांनी ती घेतलेली नाही! शेजारच्या पाइन रिजला त्यांची वस्ती आहे, अमेरिकेतल्या सगळ्यात गरीब भागांपैकी एक. तरी ते म्हणतात, डोंगर विकायला काढलेच नव्हते तर पैसे कसले घ्यायचे?

मी काहीच बोलले नाही. पण माझं तोंड बघून लेकाने ओळखलं असणार. तो म्हणाला, “आई, आता तू स्वतःला लाकोटा समजायला लागू नकोस.”

खरं सांगते, मला हसू आलं. कारण मी तेच करत होते! माझे पाच गुंठे आणि त्यांचे डोंगर. त्यांचं कोणी हिसकावून घेतलं होतं. माझं हिसकावून घ्यायला कोणी आलं नव्हतं. पोटचा मुलगा “माझ्याजवळ ये” म्हणत होता. दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर. तरी रात्री झोप आली नाही.

रविवारी वाइल्डलाइफ लूप रोड. अठरा मैलांचा वर्तुळाकार रस्ता, कुरणांतून. सकाळी लवकर निघालो. आधी प्रेअरी डॉग दिसले. नाव कुत्र्याचं, पण आहे आपल्या खारीच्या जातकुळीतलं, बिळात राहणारं. जमिनीत गावंच्या गावं वसवतात. एक जण बिळाच्या तोंडाशी उभा राहून राखण करतो आणि आपली चाहूल लागली की ओरडतो, की सगळे आत. मग प्रॉंगहॉर्न दिसले, हरणासारखे, तांबूस-पांढरे. पळण्यात त्या खंडात त्यांचा हात धरणारं कोणी नाही.

पुढे गाढवं! चक्क रस्त्यात उभी राहून गाड्या अडवतात आणि खिडकीतून तोंड आत घालतात. पूर्वी प्रवाशांना शिखरावर नेण्यासाठी गाढवं पाळली होती. तो धंदा बंद झाल्यावर ती मोकळी सोडली, त्यांचा हा वंश. एकाने माझ्या मांडीवरच्या डब्याचा वास घेतला. नातू म्हणाला, “आजी, त्याला दशमी पाहिजे!” काच वर करून मी डबा वाचवला.

आणि एका वळणावर गाड्यांची रांग थांबलेली दिसली. पुढे रस्ताभर बायसन.

आम्ही कोल्हापूरची माणसं. गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन वाढलेली. आणि गवाही आम्हाला नवा नाही. दाजीपूरचं जंगल घरापासून फार लांब नाही. शाहू महाराजांचं शिकारीचं राखीव रान ते. आम्ही लहानपणी त्याला बायसन अभयारण्यच म्हणायचो. पण गवा वेगळा आणि बायसन वेगळा. गवा काळाभोर, तुकतुकीत, पायात पांढरे मोजे घातल्यासारखा. बायसनच्या खांद्यावर हा एवढा उंचवटा, डोक्याला आणि मानेला घोंगडं पांघरल्यासारखे केस. मे महिन्यात हिवाळ्याची लोकर झडत असते, त्यामुळे अंगावर चिंध्या लोंबत होत्या. मोठा नर हजार-बाराशे नाही, दोन हजार पौंडांपर्यंत भरतो, म्हणजे नऊशे किलो! आणि पळतो तासाला ३५ मैलांनी. म्हणून सगळीकडे पाट्या आहेत, गाडीतून उतरू नका.

आणि वासरं! रंगाने अगदी विटकरी-केशरी. आईला बिलगून चाललेली.

या प्राण्याची गोष्ट वाचली की पोटात कालवतं. एके काळी त्या गवताळ प्रदेशात ते कोट्यवधी होते. कातड्यांसाठी आणि मूळ रहिवाशांचं अन्न तोडण्यासाठी त्यांची कत्तल झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हजारभरसुद्धा उरले नव्हते. स्कॉटी फिलिप नावाच्या एका गुराख्याने काही राखले होते, त्यांतले ३६ या पार्कने १९१४ मध्ये विकत आणले. आज इथे सुमारे तेरा-चौदाशेंचा कळप आहे. कुरण जेवढ्यांना पुरेल तेवढेच ठेवायचे, म्हणून दर सप्टेंबर अखेरीस घोडेस्वार सगळा कळप हाकून आणतात, वासरांना लस टोचतात आणि जादा झालेली जनावरं विकतात. ते बघायला हजारो लोक जमतात म्हणे.

मला तो सातवीतला मुलगा आठवला. त्याच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यासमोर रस्त्यात बसलं होतं. हो, बसलं होतं! दहा-बारा माद्या रस्त्याच्या मधोमध बसून रवंथ करायला लागल्या. हॉर्न वाजवायचा नाही. पुढे जागा नाही, मागे गाड्या. लेकाने इंजिन बंद केलं.

पाऊण तास आम्ही तिथे होतो.

पहिली दहा मिनिटं फोटो काढण्यात गेली. मग शांतता. नातवाने विचारलं, “बाबा, तो एकटा का बसला आहे?” लांब टेकाडावर एक म्हातारा नर एकटाच होता. लेक म्हणाला, “कळप माद्या आणि पिल्लांचा असतो. म्हातारे नर असे एकटे राहतात.” नातू म्हणाला, “आणि म्हाताऱ्या आज्या?” “त्या कळपातच असतात. कुठे जायचं ते पुष्कळदा त्याच ठरवतात.”

“मग आपली आजी का एकटी राहते?”

गाडीत कोणी काही बोललं नाही. बाहेर एक मादी उठली, अंग झाडलं, परत बसली.

मग लेक समोर बघतच बोलायला लागला. “आई, बाबा गेले तेव्हा मी कुठे होतो तुला माहीत आहे. तळघरात. लॅपटॉपसमोर. विमानं बंद. जी थोडी सुटत होती त्यात जागा नाही. तुम्ही त्यांना घेऊन गेलात ते मी स्क्रीनवर बघितलं, आणि मध्येच नेट गेलं. परत लागलं तेव्हा सगळं झालं होतं. तेव्हापासून रात्री फोन वाजला की मला वाटतं तुझं काहीतरी झालं. चार वर्षं झाली. मला घराचे पैसे नकोत गं. मला ते परत बघायचं नाही.”

हे मला माहीत नव्हतं. म्हणजे तो येऊ शकला नाही हे माहीत होतं. नेट गेलं होतं हे नव्हतं. त्याने कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. माझ्या दुःखात मला त्याचं दिसलंच नव्हतं. आणि वर मी त्याला ‘बाबा असते तर’ म्हणाले होते!

मग मीही बोलले. म्हटलं, “मला त्या भिंतींचं एवढं नाही रे. पण तिथे मी सकाळी उठून मंडईत जाते. भाजीवाली ‘बाई, पोरगं दहावी झालं’ म्हणून सांगते. दुपारी कोणीतरी अर्ज लिहून घ्यायला येतं. तुझ्याकडे सगळं आहे, पण मला कोपऱ्यापर्यंत जायचं तरी तुझी गाडी लागते. तुम्ही प्रेमाने नेता. पण प्रत्येक वेळी कोणीतरी न्यावंच लागतं. मला भीती वाटते, मी इथे आले की नुसती सांभाळायची वस्तू होईन.”

सून रडत होती. नातवाने तिला टिश्यू दिला, एक मला दिला, एक स्वतःच्या बाबाला दिला. आणि मग म्हणाला, “आता ते उठले!”

खरंच उठले होते. एक थोराड मादी आधी उठली आणि उताराकडे चालू लागली. बाकीच्या तिच्या मागे, वासरं त्यांच्या मागे. आमच्या गाडीला अगदी घासून गेल्या. खिडकीएवढं डोकं, आणि त्यात एक शांत काळा डोळा. मी हात जोडले. का ते विचारू नका.

संध्याकाळी आयर्न माउंटन रोडने गेलो. तिथे बोगदे असे कोरले आहेत की पलीकडे बरोबर चौकटीत माउंट रशमोरच्या डोंगरात खोदलेले चार राष्ट्राध्यक्ष दिसतात. लाकडी पूल जिलबीसारखे वळलेले. नातू खूश झाला. आदल्या रात्रीचं वाचलेलं डोक्यात होतं, त्यामुळे मला त्या चेहऱ्यांपेक्षा त्यांच्याभोवतीचा काळा डोंगरच जास्त दिसत होता.

तर मंडळी, पुढे काय झालं? फार काही नाही. कागदावर मी सही केली नाही. लेकाने तो कपाटात ठेवला, फाडला नाही. ऑक्टोबरात मी परत आले. मागच्या दोन खोल्या एका शिक्षक जोडप्याला भाड्याने दिल्या, म्हणजे घरात रात्री माणूस आहे. रोज सकाळी सात वाजता मी लेकाला व्हिडिओ कॉल करते, तिथे तेव्हा आदली रात्र असते. मी आजारी पडले तर लपवायचं नाही, हे त्याने माझ्याकडून कबूल करून घेतलंय. आणि चालणं थांबलं, अर्ज लिहिणं थांबलं, की मी स्वतः सांगेन, हे मी कबूल केलंय. ते सांगायला मला जमेल का, हे मात्र अजून ठाऊक नाही.

एवढ्या उशिरा लिहायचं कारण असं की हे त्याच्याही घरातलं आहे. मागच्या आठवड्यात त्याला फोनवर सगळं वाचून दाखवलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “टाक आई. फक्त रडलो ते काढ.” मी म्हटलं, “तू रडलास असं मी कुठे लिहिलंय? नातवाने टिश्यू दिला एवढंच लिहिलंय.”

मी परत का आले असं फोन करून विचारणाऱ्या सगळ्या वहिनींना, वन्संना आणि भाचेमंडळींना हे उत्तर समजावं. आता पुन्हा विचारू नये, आणि घराचं काय करावं याचा सल्ला तर मुळीच देऊ नये!

तो सातवीतला मुलगा कुठे असेल कोण जाणे. आता पन्नाशीला आला असेल. हे कधी वाचलंस, तर बाळा, जनावरं कुठे गेली ते आता बाईंना कळलंय. ये एकदा घरी, सांगते.